साप-खांबाचं पुडकं

...नाई, पन मी म्हनतो, तुमीच सांगा आता! बावीस वर्षं झाली इंग्रजी शिकवून राह्यलो, बावीस! धानोऱ्याच्या जंगलातल्या अख्ख्या पोट्ट्यांले एबीसीडी मिनं गिरवाले लावली, अन् मले, या खुशाल गुरजीले, एक बाई तोंडावर म्हनते, ‘असं पुडकं फळीवर नाई चालत, गुरजी!’ काऊन बा? मी का तेंदूपत्ता विकाले आलो होतो तिच्याकडं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाईतर तुमी म्हनसान गुरजी उन्हानं सरकला.

आमच्या शाळेत डिक्शनरी एकच. एका जमान्यात लय जाडजूड होती, मंग तिले लागली उधई, तुमची वाळवी. अन् उधई बी कशी शिस्तीची! एपासून जी बसली जेवाले, ते ओळीनं खात खात एचपर्यंत गेली तरी कोनाले पत्ता नाई! म्हनजे आमच्या शाळेत कॅट नाई, डॉग नाई, एलिफंट नाई... पान उघडलं का सीधा हॉर्स!

अन् अशात फोनवर नोटीस आली. गडचिरोलीले जिल्ह्याची इंग्रजी शब्दांची स्पर्धा, पहिलं बक्षीस कोरी करकरीत डिक्शनरी! माहा जीवच अडकला ना तिच्यात. नोटिशीचा फोटो आमच्या नेटवर्कनं अर्धाच उतरवला, बक्षीस दिसे, खालचे नियम दिसेनात. मी म्हनलं, नियम काय असतीन? शब्द म्हनजे शब्द!

त्यात माहा साळा अश्विन. गडचिरोलीच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते, अन् तीन वर्षापासून त्याचीच शाळा पहिली. त्याचा फोन आला, ‘भाऊजी, येऊन राह्यले ना? या या, टाळ्या वाजवाले मानसं कमीच पडतेत आमाले!’ आता सांगा, बायकोचा भाऊ, बोलावं तरी कसं? मी फोन ठेवला अन् कॅलेंडरं फाडाले बसलो.

जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर मोठ्या अक्षरात सहाशे चिठ्ठ्या लिहिल्या, राजेहो! एका चिठ्ठीवर एक शब्द. फळं एका डब्यात, जनावरं एका डब्यात, घरातल्या वस्तू एका डब्यात, बाकी उरलेले एका डब्यात, एकदम टापटीप! अन् मे महिन्याच्या सुट्टीत डबे दिले निशाकडं. निशा म्हनजे आठवीतली आमची सगळ्यात हुशार पोट्टी. गाव तिचं पार जंगलात, घरी तिची माय, सुकरीबाई. म्हनलं, ‘बेटा, पाठ करून आन.’

पन मे महिना म्हनजे तिकडं काय असते? तेंदूपत्ता! सकाळी बिडीची पानं तोडाची, दुपारी अख्खं घर पुडकी बांधाले बसते. सत्तर पानं, लांब पान लांबासंगं, आखूड आखूडासंगं, देठं समदी एका बाजूले, वरून सालीची दोरी. जरा इकडं-तिकडं झालं का फळीवर, म्हनजे पुडकी मोजून विकत घेतेत तिथं, मुन्शी पुडकं फेकून देते.

शाळा उघडली. निशा आली, संगं माय, मायच्या डोक्यावर टोपली. टोपलीत पाहतो तं काय... माह्या चिठ्ठ्यांची पुडकी! सालीच्या दोरीनं आवळलेली! मी वरडलोच, ‘अवं सुकरीबाई, माही फळं कुठी गेली? जनावरं कुठी गेली?’

बाई टोपली उतरवत म्हनते, ‘तुमचं लय गबाळं होतं जी. लांब-आखूड एकातच, देठाचा पत्ता नाई. असं पुडकं फळीवर नाई चालत, गुरजी!’

तिले इंग्रजीचं एक अक्षर येत नाई हो! पहिल्या दोन खुना म्हनजे तिचा देठ, अन् बाकी मोजून लांबी. निशा चिठ्ठी मोठ्यानं वाचे, माय पुडक्यात लावे, महिनाभर हेच! मले एक दाखवलं, ‘हे पाहा, पह्यले साप, मंग खांब, पाचवालं. सहावालं ते पल्याड.’ साप म्हनजे एस, खांब म्हनजे टी! अन् आत काय? स्टोन, स्टोरी, स्टोव्ह, स्टॉर्म! दगड, गोष्ट, चूल अन् वादळ एका दोरीत! काय नातं याईचं एकमेकाशी? सोडाले गेलो तं गाठ सुटेना. दातानं ओढली तं दात हालला. स्पर्धा सहा दिवसावर!

गेलो गडचिरोलीले. पोरगी पुडकी मांडीवर घेऊन बसली, मी तोंड लपवून. अन् साहेबानं नियम वाचले... ‘पहिली दोन अक्षरं आमी सांगू, शब्दाची लांबी आमी सांगू, दोन मिनिटात जमतीन तेवढे शब्द बोला!’

मिनं तोंडावरचा हात काढला हो! निशानं माह्याकडं पाह्यलं अन् खुदकन हासली.

शेवटी उरल्या दोघी. अश्विनच्या शाळेची पिंकी उठली. बी-आर, पाच अक्षरं. ब्रेड, ब्रिक, ब्रश, ब्रेन... अकरावर गाडी थांबली. अकरा बी कमी नाई हो, पोरगी चांगलीच! मंग निशाची चिठ्ठी निघाली, एस-टी, पाच अक्षरं. मले तं आपली लाल बसच आठवली. पन निशानं डोळे मिटले, बोटं अशी हालवली जशी दोरी सोडून राह्यली, अन् सुरू! स्टोन, स्टोरी, स्टोव्ह, स्टॉर्म, स्टिक, स्टडी, स्टँड, स्टॅम्प... घंटी वाजली तं सव्वीस! अन् साहेबाले म्हनते, ‘सर, थांबा ना, पुडकं खाली नाई झालं अजून!’

अख्खा हॉल उभा! मी रडलो का? रडलो ना, धायधाय रडलो, काऊन लाजू? अश्विन आला, गळ्यात पडला, म्हनते, ‘भाऊजी, ही पद्धत कोनती हो? मले बी शिकवा.’ मी छाती फुगवून म्हनलं, ‘आमची घरची हाये!’

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी घेऊन सीधा सुकरीबाईच्या दारात. म्हनलं, ‘घ्या बाई, तुमच्या हातची कमाई.’ बाईनं हात पुसले, मांडीवर घेतली, पानं चाळली, बोटानं मोजली. मी वाट पाहून राह्यलो, आता शाबासकी देते... आता देते...

म्हनते, ‘देठं तं बराबर लावली जी. पन लांब-आखूड समदं एकातच! असं पुडकं फळीवर नाई चालत, गुरजी!’

झालं! तवापासून अख्खी डिक्शनरी चिठ्ठ्यावर उतरवून राह्यलो मी. नेऊन देतो तं बाई मुन्शीवानी एकेक पाहते, ‘हे अक्षर वाकडं, वापस न्या.’ तीन महिने झाले राजेहो, अजून बीमध्येच हाओ! उधईचं बरं होतं बाप्पा... ती एचपर्यंत गेली, अन् तिले कोनी पुडकं वापस बी नाई केलं!