सुमित्राअक्कांचा संशोधनाचा विषय

आमच्या सुमित्राअक्कांचं सांगितलं का तुम्हाला? कॉलेजच्या कम्युनिकेशन विभागात त्या रेडिओ शिकवतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे मराठीही निम्मी कन्नड.

वेबसाइटवर सगळ्या प्राध्यापकांची माहिती भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अक्कांचा संशोधनाचा विषय विचारला, तर म्हणाल्या, "माझं कसलं रे संशोधन? सोड."

पण तो रकाना भरल्याशिवाय पान सेव्ह होईना. म्हणून मी तात्पुरतं लिहिलं, ‘विद्यार्थी जेवले की नाही’. भेटेल त्याला अक्का आधी तेच विचारतात ना! नंतर बदलायचं मात्र साफ विसरलो.

पुढच्या महिन्यात तपासणी समिती आली आणि अध्यक्षांनी नेमकं तेच पान उघडलं. "मॅडम, हे कसलं संशोधन?"

अक्कांनी ते वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आवाज ऐकणं हेच माझं काम. हॉस्टेलची पोरं ‘जेवलो’ म्हणतात खरं, पण उपाशी पोराचा आवाज वाक्य संपता संपता खाली बसतो."

"याला पुरावा काय?"

"स्वल्प थांबा," म्हणत अक्कांनी पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "पहाटेच्या विमानानं आलात ना? ‘काय’ म्हणताना तुमचाही आवाज खाली बसला. आधी खाऊन घ्या."

अध्यक्षांनी फाइल मिटली, डबा उघडला आणि दोन इडल्या झाल्यावर हळूच विचारलं, "अक्का, अजून चटणी आहे का?"