एस्तेरबाईचं इस्रायल

चहा घ्या, पण इस्रायली म्हणजे सगळे गोरे, असं माझ्यासमोर म्हणू नका. लीड्सच्या हॉस्पिटलात शेजारच्या बेडवर एस्तेरबाई होती. जन्म अलिबागकडचा, हयात गेली इस्रायलमध्ये. अखेरीला तोंडात फक्त मराठी उरली. नर्सनं इस्रायली पासपोर्ट बघून फोनच्या स्पीकरवर हिब्रू दुभाषा लावला. तो म्हणाला, “ही इस्रायली नाही, कुणी इंडियन बाई आहे.”

टीव्हीवरून शिकलेल्या इंग्रजीत मी ओरडले, “शहाण्या, येमेनचे, इथिओपियाचे ज्यू चालतात, मग आमच्या कोकणातले का नाहीत?”

एस्तेरबाई पुटपुटली, “तिकडंही मला इंडियनच म्हणायचे गं.” मग डोळे मिटून तिनं शेमा सुरू केला, ज्यूंची मरतानाची हिब्रू प्रार्थना. मध्येच थांबली. उरलेली दुभाष्यानं पुरी केली.

मी विचारलं, “पटलं?”

“पटलं. बाईंना सांगा.”

“आता कुणाला सांगू?”