पहिल्या पेशंटचा आकडा

कोडमधली आजवर पकडलेली सगळ्यात भारी चूक कोणती, असं विचारलंत तर माझी हिमायतनगरची. तिथल्या एका दवाखान्यात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं आमच्या कंपनीचं यंत्र होतं. ते मधूनच धडधाकट माणसाचा ऑक्सिजन सत्तर दाखवायचं. एका म्हातारबाबांना तर तेवढ्यावरून धावतपळत नांदेडला नेलं होतं. ऑफिसातले म्हणाले, "तिकडच्या लाईटचा घोळ असेल, बघून ये."

तिथं सुनंदा सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "सर, लाईटचं काही न्हाई. सकाळी मशीन चालू केली की फक्त पहिल्याच पेशंटला चुकते. मी कवापासून सांगून राहिले, कोणी ऐकंना."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. यंत्र चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमनं मेमरीत जागा घेतली होती, पण तिथलं जुनं पुसलंच नव्हतं. पहिल्या मोजणीत तोच कचरा मिसळत होता. ती जागा आधी शून्य करायची एक ओळ लिहिली आणि मशीन वीस वेळा बंद-चालू केली. वीसही वेळा सिस्टरच्या बोटावर अठ्ठ्याण्णव!

तो ड्रायव्हर लिनक्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालीतला, म्हणजे जगभर वापरला जाणारा. लिनक्सवाल्यांकडे दुरुस्ती पाठवताना चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते. मी सिस्टरचं पूर्ण नाव लिहिलं. दुरुस्ती मंजूर झाली, तशी ती नावाची ओळ त्यांना मोबाईलवर धाडली.

लगेच फोन आला. "सर, आमच्या डॉक्टरसायबाला वाचून दाखवलं. म्हणलं, जगानं ऐकलं, आता तुमी बी ऐकत जा!"