चाळिसावर काटा

ज्योत्स्ना : पुन्हा आला, बघा.

समाधान : काय आला?

ज्योत्स्ना : आवाज. वाटीवर चमचा आपटल्यासारखा. निमगाव सोडल्यापासून येतोय.

समाधान : डिझेलची अॅम्बॅसिडर हाय. वाजणारच. तुझ्या दवाखान्यातली ट्रॉली न्हाय, तेल दिलं की गप झाली.

ज्योत्स्ना : परवा इंदापुरात फिरलो तेव्हा नव्हता हा आवाज.

समाधान : समोर बघ. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, काल बसवलेला मीटर. काटा कितीवर हाय?

ज्योत्स्ना : चाळीसवर.

समाधान : चाळीस म्हंजे इंजिनात तेल दाबानं फिरतंय. काटा पडला तर घाबरायचं. पडला न्हाय तर शेजारी बसून रस्ता बघायचा.

चतुराबाई : सूनबाई, लेकरू काल दिवसभर गाडीखाली उताणं पडून हुतं त्या मीटरपायी. पाठ सोलून निघालीय त्याची. एकदा तरी चांगलं म्हन की.

ज्योत्स्ना : चांगलंच आहे, आत्या. मी फक्त आवाज येतोय म्हणाले.

चतुराबाई : मला मागं काय बी येत न्हाय. जळका वास तेवढा येतोय.

समाधान : भवानीनगर जवळ आलं, आये. कारखान्याची मळी ती.

ज्योत्स्ना : मळीचा वास असा नसतो. हा तेलाचा आहे. कढई जास्त तापली की येतो तसा.

समाधान : आता नाक बी तुझंच खरं?

ज्योत्स्ना : दोन मिनिटं बाजूला घ्या. बॉनेट उघडून बघा आणि मग चला.

समाधान : बाराच्या आत साहेबानं गाडी दाखवायला सांगितलीय. बारामती एमआयडीसीतली नवी कंपनी, वर्षाचं काम. साहेब लोकांना पुण्याच्या विमानतळावर सोडायचं, आणायचं. मानसिंगची गाडी सकाळपासनं गेटावर धुऊन उभी आसंल. मी हितं बॉनेट उघडून बसलो की तो तितं पेढं वाटंल.

ज्योत्स्ना : मागच्या वेळी पळसदेवला असाच आवाज आला होता.

समाधान : पळसदेवचं काढू नगंस.

ज्योत्स्ना : तेव्हाही मी थांबा म्हणाले होते.

समाधान : तवा लाल लाइट लागलाच न्हाय. बल्ब गेलेला. मला स्वप्न पडणार व्हतं का, तेल संपलं म्हणून? इंजिन जाम झालं, आन् उसाचा आख्खा सीझन मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर हाकला. ऊस बी वाहिला, शिव्या बी खाल्ल्या. म्हणून तर ह्यो मीटर आणला. लाइट फसवतो, काटा फसवत न्हाय.

ज्योत्स्ना : मग तो लाइट आता कुठं आहे?

समाधान : काढला. त्याच भोकात मीटरची नळी बसवलीय. दोन्ही कशाला पायजेत?

ज्योत्स्ना : मिस्त्रीकडून का नाही बसवून घेतला?

समाधान : मिस्त्री परवा ये म्हणाला. त्यात काय हाय अवघड? जुनं खोलायचं, नवं पिळायचं. आटे जरा ढिले व्हते, तेल पाझरत व्हतं. सुतळी गुंडाळली, वरनं सांधा बुजवायचा सफेदा लावला. विहिरीवरच्या मोटरीला लावतो तसा. गावातल्या आप्पांच्या पाइपलाइनला लावलेला, अजून थेंब गळत न्हाय.

चतुराबाई : हात चांगला हाय त्याचा. बापावर गेलाय.

ज्योत्स्ना : तो पाण्याचा पाइप होता, आत्या.

समाधान : तेल काय पाण्यापेक्षा शानं असतं व्हय?

ज्योत्स्ना : आवाज वाढलाय. अहो, आता तरी ऐका.

समाधान : मी काटा बघतोय.

ज्योत्स्ना : मी काटा बघा म्हणत नाहीये. ऐका म्हणतेय.

चतुराबाई : आरं, म्होरं बघ. उसाची बैलगाडी आडवी झालीय.

समाधान : घ्या. आत्ताच जू मोडायचं व्हतं त्याचं. आख्खा रस्ता अडवला.

(गाडी थांबते. समाधान इंजिन बंद करतो.)

चतुराबाई : बैल सोडत्यात, मग ऊस उतरवत्यात. जाऊ दे, बाबा. तेवढंच मला पाय मोकळं करता येत्याल.

ज्योत्स्ना : तुम्ही इंजिन बंद केलंत ना?

समाधान : केलं की. उगं डिझेल जाळू? तुझा आवाज बी बंद झाला, आता तरी खूश हो.

ज्योत्स्ना : मग काटा खाली का नाही आला?

समाधान : आं?

ज्योत्स्ना : बीपी बघताना हवा सोडली की पारा खाली येतो. इथं इंजिनच बंद आहे, तेल फिरत नाही. दाब कुठला? काटा चाळीसवरच उभा आहे.

समाधान : येईल. जरा दम धर.

चतुराबाई : काच ठोक की लेका. आपलं भिताडावरचं घड्याळ ठोकलं की चालतंय.

समाधान : ठोकली. हलत न्हाय.

ज्योत्स्ना : काल इंजिन बंद केल्यावर बघितला होता का?

समाधान : चालू केल्यावर बघितला. उठून चाळीसवर गेला, मी हात पुसलं आन् जेवायला आलो. बंद केल्यावर कोण बघतंय?

चतुराबाई : काय झालं म्हनायचं?

समाधान : सफेदा, आये. जास्त झाला आसंल. आत गेला आन् नळीत बसला. नळी बारीक, सुईएवढं भोक. पयल्यांदा गेलेला दाब तिकडंच कोंडला. काटा कालचा चाळीस दाखवतोय.

ज्योत्स्ना : आणि आजचा?

समाधान : बॉनेट उघडतो.

चतुराबाई : आरं द्येवा. समदं काळं झालंय की रं.

समाधान : सुतळी सुटलीय. तापली आन् सुटली. मागं बघ, रस्त्यावर आपल्याच गाडीची रेघ हाय. तेल मोजायच्या पट्टीच्या टोकाला नुसतं ओलं लागतंय.

ज्योत्स्ना : डिकीत तेलाचा डबा आहे ना?

समाधान : हाय. जुना लाइटचा स्विच बी हाय टूलबॉक्समधी. ही नळी काढून तो पिळतो, मग तेल भरतो. तू हितं बॉनेटपाशी थांब. मी सेल्फ मारतो. आवाज आला तर हात कर.

ज्योत्स्ना : मी कशाला? तुम्हीच ऐका की.

समाधान : मला आवाज न्हाय असंच ऐकू येईल. तू थांब.

चतुराबाई : तेल भरलं, गाडी चालू झाली, आता झालं ना नीट? हात का केलास गं?

ज्योत्स्ना : येतोय, आत्या. कमी आहे, पण येतोय.

समाधान : तेलाविना चाललं, बेअरिंगला लागलं.

चतुराबाई : चालती का पन?

समाधान : हळू नेली तर बारामती गाठंल. वाटंत घट्ट तेल घेऊन वतलं की आवाज दबंल. साहेब काय, कंपनीच्या आवारात एक चक्कर मारणार. गाडी पुसलेली, शिटा नव्या, आन् नळी काढली तरी चाळीसवरच अडकलेला मीटर बघितला की म्हणंल, माणूस गाडी जपणारा हाय.

चतुराबाई : मग चल की. बैलगाडी बी सरकली बग.

समाधान : ज्योत्स्ना, तू काय बोलत न्हाईस?

ज्योत्स्ना : मी सकाळपासून बोलतेय.

समाधान : काम मिळालं की इंजिन उतरवून घेतो. चार दिवसांची गोष्ट.

ज्योत्स्ना : आणि त्यांनी उद्याच पहिली खेप दिली तर? भर घाटात, माणसं बसलेली असताना?

चतुराबाई : आगं, सगळीच गाड्यावाली आसं करत्यात. मानसिंगनं काय कमी केलं आसंल? त्या साहेबाला काय कळतंय इंजिनातलं? काटा तर झ्याक दिसतोय.

समाधान : झ्याक दिसतोय, आये. मलाबी तसाच दिसत व्हता.

चतुराबाई : मग?

समाधान : न्हाय न्यायची गाडी. धक्का मारून त्या बाभळीखाली घेऊ. ज्योत्स्ना, तू स्टिअरिंग धर, मी मागनं ढकलतो.

चतुराबाई : आन् वर्साचं काम? मानसिंगच्या घशात घालायचं?

समाधान : यष्टीनं जातो साहेबाकडं. गाडी रस्त्यात उभी हाय, इंजिन उतरवावं लागंल म्हणून सांगतो. तोवर थांबला तर थांबला.

चतुराबाई : थांबतोय कशाला. हितनं फोन तरी कर, जायाचं भाडं वाचंल.

समाधान : फोनवर लई सोपं पडंल, आये. गाडी पंक्चर झाली म्हणंन आन् ठिवून दीन.

चतुराबाई : कर बाबा तुझ्या मनाचं. मी गाडीपाशी बसते. बारामतीत तुझ्या बहिणीला, अंजलीला सांग, आई सांजच्याला येती.

ज्योत्स्ना : यष्टी येतेय. मी पण येऊ का?

समाधान : ये. तितं गेल्यावर मी दुसरंच काय तरी सांगाय लागलो, तर तू बोल.