मामाचं भाषण अन् अक्कलकारा

आमच्या मामानं लग्नात आशीर्वादासाठी माईक धरला की मुहूर्त टळलाच समज बे! तेलगावच्या लग्नात नेमका त्यांचा घसा बसला. मामीनं अक्कलकाऱ्याची फुलं दिली.

"एकच चावा. घसा सुटतो, पण जास्ती खाल्लं तं जीभ बधिर व्हती."

"मला शिकवू नगं!" म्हणत मामानं मूठभर कोंबली.

माईकवर गेले, तं "वऽ वऽ" अन् नुसती लाळ! भटजीनं तेवढ्यात मंगलाष्टकं धरली. लग्न टायमावर लागलं, मांडव हसून लोळला.

म्या म्हणलं, "मामी, फुलं मोजूनच द्यायची की."

मामी म्हणली, "आजवर त्यांनी माझं कंदी ऐकलंय? म्हणूनच तं एक चावा म्हणलं!"