उभं कार्ड

रामाजी : एकच पंखा हाये जी फारेस्टच्या या लायब्ररीत, आन् त्याचं तोंड काऊन त्या डब्याकडं? त्याले घाम येते का?

दिव्यानी : गरम झाला की बंद पडतो तो, रामाजी भाऊ. चंद्रपूरचं ऊन आहे हे.

रामाजी : गरम झालं त मी बी बंद पडतो, पोरी. माह्याकडं कोणी पंखा नाई फिरवला आजवर.

शमसुन्निसा : तुझी वॉरंटी कधीच संपली, रामाजी. त्याची मार्च दोन हजार दोनपर्यंत आहे. ते सोड, विचारणा वही आण. दिव्यानी, बेटा, खुर्ची घे अन् बस कम्प्युटरसमोर.

दिव्यानी : मॅडम, साहेब चार वाजता फॉर्म न्यायला येणार आहेत. दीड वाजला. ‘नवीन प्रणाली समाधानकारक’ एवढ्यावर टिक करायची, खाली ग्रंथपाल म्हणून तुमची सही. कंपनीचा माणूस नागपूरहून येऊन सगळं दाखवून गेला न?

शमसुन्निसा : त्यानं त्याच्या पसंतीचं विचारलं, मशीननं त्याच्या पसंतीचं सांगितलं. ‘वाघ’ लिहिलं, सत्तर पुस्तकं आली. वाघ तर मोहर्लीच्या चहाटपरीवर विचारला तरी सापडते. पोरगी पाहाले गेलं की पोहे सगळ्याच घरचे चांगले लागतेत. नांदवायचं आपल्याले आहे.

रामाजी : घ्या वही. धूळ पुसली.

शमसुन्निसा : या वहीत खरोखरचे लोक आहेत. ट्रेनिंगला आलेले गार्ड, रेंजर, वैदू, एखादी बाई. कोण आलं, काय विचारलं, सगळं लिहून आहे. त्यातले वीस प्रश्न मी काढले. तू मशीनमधून शोध, मी कार्डाच्या कपाटातून. रामाजी घड्याळ धरेल.

दिव्यानी : आणि मशीन हरली तर?

शमसुन्निसा : तर टिक नाही.

दिव्यानी : टिक नाही म्हणजे मशीन परत. मशीन परत म्हणजे माझी ऑपरेटरची तात्पुरती ऑर्डर एकतीस मार्चला संपली. माहीत आहे न तुम्हाला?

शमसुन्निसा : माहीत आहे. अन् टिक केली तर हे छत्तीस खणांचं कपाट गोदामात, वाळवीच्या तोंडी. बावीस वर्षं एकेक कार्ड लिहिलं मी. हे तुले माहीत आहे.

रामाजी : आन् दोघींच्या मधात मी, घड्याळ धरून. अस्वलाच्या पंजातून वाचलो ते याच्यासाठी.

शमसुन्निसा : पहिला प्रश्न. भामरागडकडे बांबू मागे कधी फुलला होता?

दिव्यानी : आला! तीन रिपोर्ट. एक तर इंग्रजांच्या काळातला.

रामाजी : अर्धा मिनट बी नाई लागला, बाई.

शमसुन्निसा : थांब... हं, हे माझं कार्ड. माझ्याकडे दोनच. घे, हा मशीनचा. मान्य. तो इंग्रजांचा कुठी होता पण? मले तर आठवतच... बरं, पुढचा. सिरोंच्याचा गार्ड आला होता, रुमालात पाला बांधून. नाव त्याले फक्त तेलगूत येत होतं. म्हणाला, ज्या पाल्यानं नदीतले मासे भुलवतात तो हा, याच्यावर काही लिहिलेलं आहे का?

दिव्यानी : मासे... पाला... विष... नाही. शून्य दाखवतंय.

शमसुन्निसा : रामाजी, बाजूले हो. हे बघ. गराडी. दोन पुस्तकं अन् एक अहवाल.

दिव्यानी : पण गराडी माझ्याकडेही आहे, मॅडम! शास्त्रीय नावानं आहे. आणि तुमचं कार्ड माशांच्या खणात कसं? ते झाड आहे.

शमसुन्निसा : तो गार्ड झाड शोधत होता का? तो माशापासून निघाला होता. माणूस आधी जिथं हात घालते, तिथं कार्ड पाहिजे. मी नियमाच्या पुस्तकातून नाही शिकली हे. लोकांचे हात पाहून शिकली.

दिव्यानी : म्हणजे कोणी येऊन विचारलं की तुम्ही कार्ड उचलून दुसऱ्या खणात ठेवता?

शमसुन्निसा : विचारणाऱ्याच्या सोयीनं. पुढचा घे.

रामाजी : लाईट गेली.

दिव्यानी : अरे देवा. बॅटरी दहा मिनिटं चालेल. पटापट विचारा.

रामाजी : कपाटाले बॅटरी नाई लागत, बरं का.

दिव्यानी : तुम्ही घड्याळ धरा भाऊ, कॉमेंट्री नका करू.

शमसुन्निसा : तौबा, किती ओरडते ते बॅटरीचं खोकं. बरं, तिसरा. कुसुमाच्या झाडावरची लाख...

दिव्यानी : मॅडम, झाले वीस. लाईट दोनदा गेली ते सोडा, पण निकाल काय?

रामाजी : मशीन आठ, कपाट पंधरा. काही दोघाईले बी सापडले.

शमसुन्निसा : झालं तर मग. फॉर्म आण.

दिव्यानी : थांबा. एक डाव माझाही. आता कपाटात मी शोधते. हेच वीस प्रश्न. तुम्ही दोघांनी बोलायचं नाही.

रामाजी : आमी बोललो कदी?

दिव्यानी : अस्वलाच्या हल्ल्यावरचा उपाय. अ... अस्वल... नाही. ह, हल्ला... नाही. ज, जखम... तिथंही नाही. कुठं आहे?

शमसुन्निसा : ‘र’ मध्ये.

दिव्यानी : र? र कशाचा?

रामाजी : रामाजीचा. अस्वलानं मांडी फाडली तवापासून गार्ड लोक येऊन म्हनत, रामाजीले झालतं त्याच्यावरचं पुस्तक द्या. त बाईनं कार्ड माह्या खणात टाकलं. माह्या नावाचा अख्खा खण हाये, पोरी. साहेबाच्या नावाचा बी नाई.

दिव्यानी : दहा प्रश्न झाले, त्यातले मला दोन सापडले. दोन! कपाट नाही जिंकलं, मॅडम. तुम्ही जिंकल्या. ज्यांच्या सोयीनं कार्डं हलवली त्यांच्या बदल्या झाल्या, काही वारले. आता हे फक्त तुम्हाला वाचता येतं.

शमसुन्निसा : मग मी आहे न इथं? जूनच्या तीस तारखेपर्यंत आहे.

दिव्यानी : आणि एक जुलैला?

शमसुन्निसा : ...तुझी जबान लई चालते.

रामाजी : चहा आनू का जी? कांताची टपरी उघडी असंल.

दिव्यानी : चहा नंतर. मॅडम, एकच प्रश्न अजून. तुम्ही काढून ठेवलेल्या वीसमधला नाही. वही मी उघडते, जे पान निघेल ते. आणि रामाजी भाऊ, तुम्ही दाराशी उभे राहा.

रामाजी : दाराशी काऊन? घड्याळ कोण धरन?

दिव्यानी : घड्याळ नको आता.

रामाजी : पाहा बाई, मले जास्त उभं नाई राहवत, माही मांडी...

शमसुन्निसा : जा रामाजी.

रामाजी : कार्डं मीच झटकतो जी रोज. कपाटाजवळच बरा मी.

शमसुन्निसा : जा म्हटलं न. वाच, बेटा.

दिव्यानी : सिंदेवाहीकडच्या कमळाबाई. मोहाच्या झाडावर बांडगूळ वाढलंय, झाड मरू न देता ते कसं काढायचं?

शमसुन्निसा : सोपं आहे. ‘म’. मोह. मोहफूल... मोहाची दारू... नाही. मग ‘ब’ मध्ये असेल.

(बाई एकामागून एक खण ओढतात.)

दिव्यानी : मॅडम, जाऊ द्या. एखादं राहतंच. वीस प्रश्न ठरले होते, वीस झाले.

शमसुन्निसा : ‘क’ मध्ये पाहिलं का मी? कमळाबाईचा क?

दिव्यानी : दोनदा पाहिलं तुम्ही.

शमसुन्निसा : ‘स’?

रामाजी : बाई... ‘प’. तिसऱ्या रांगेत. पूजेचा प. थ्या बाईच्या देवाचं झाड व्हतं थे. म्हनून तोडाचं नाई म्हने.

शमसुन्निसा : हो. पूजा. हे घे, आहे. माझंच अक्षर आहे.

दिव्यानी : सापडलं न, झालं तर.

शमसुन्निसा : रामाजी, इकडे ये. मघाच्या पंधरामधली किती कार्डं खणात आधीच उभी होती?

रामाजी : उभी म्हंजे?

शमसुन्निसा : बाकीची खाली दबलेली, अन् नेमकं मले पाहिजे तेच बोटभर वर आलेलं.

रामाजी : वारा लागते जी. हवेनं होते तसं.

शमसुन्निसा : पंख्याचं तोंड मशीनकडं आहे, रामाजी.

रामाजी : मी फक्त धूळ झटकली जी.

शमसुन्निसा : काल मी वीस प्रश्न कागदावर उतरवून टेबलावर ठेवले, अन् चष्मा शोधत बसली. तेव्हाच वाचले न तू?

रामाजी : आठ-नऊच उभी केली, बाई. बाकी तुमी सोताच काढली. खोटं नाई सांगत. माह्या मुलीची आन.

शमसुन्निसा : दिवाळीपासून चालू आहे हे. मले वाटे, माझा हात अजून कसा बरोबर जाते! मग एक दिवस दिसलं. मी बोलली नाही, तू बोलला नाही. अन् ही पोरगी. तू पण पाहिलं होतं न, दिव्यानी? म्हणून त्याले दाराशी धाडलं.

दिव्यानी : मला टिक पाहिजे होती, मॅडम. पण असं नको होतं.

शमसुन्निसा : रडू नको. कीबोर्डवर पाणी पडलं तर वॉरंटी जाते. पेन दे.

दिव्यानी : टिक करता?

शमसुन्निसा : नाही. खाली मोकळी जागा आहे, तिथं लिहते. मशीनमध्ये पुस्तकाच्या नावाखाली एक जास्तीची चौकट पाहिजे. विचारणारा कोणत्या नावानं विचारते, कशासाठी विचारते, ते त्यात. होते का असं?

दिव्यानी : होते. ‘शेरा’ म्हणून रिकामी चौकट आहेच. त्यातलंही शोधते मशीन. मी करून पाहिलंय. गराडीच्या शेऱ्यात मासे लिहिलं की माशांनीही सापडेल, झाडानंही.

शमसुन्निसा : अन् कार्ड हलवावं लागणार नाही?

दिव्यानी : एकच कार्ड दहा खणांत ठेवल्यासारखं.

शमसुन्निसा : मग हे तुमच्या कंपनीवाल्यानं काऊन नाही सांगितलं? सत्तर वाघ दाखवत बसला. हे लिहते, मशीन ठेवावी. अन् शेवटचं कार्ड चढेपर्यंत कपाट हलवू नये, ऑपरेटरले हलवू नये.

रामाजी : साहेब भडकन.

शमसुन्निसा : त्याच्याकडं पंखा फिरव. किती कार्डं असतील?

रामाजी : अकरा हजारावर हायेत जी.

दिव्यानी : मग जूनपर्यंत होणारच नाही, मॅडम. पण घाई कशाला? तुम्ही रिटायर झाल्यावरही येत जा. हळूहळू करू. वर्ष लागलं तर लागू दे.

शमसुन्निसा : रामाजी, पहिला खण काढून आण.

रामाजी : आत्ताच? साहेब याचेत.

शमसुन्निसा : येऊ दे. दिव्यानी, ती चौकट उघड.

दिव्यानी : उघडली. पण मॅडम, आज फॉर्मचं होऊ द्या, उद्या सकाळपासून निवांत...

शमसुन्निसा : निवांत नाही, बेटा. कार्ड हातात आलं की अजून आठवते कोण आलं होतं, काय म्हणालं होतं. ते बी किती दिवस, ठाऊक नाही. मी विसरून राह्यली. लिही.