उरलेला पट्टा

ओशच्या बाजारात बाळझोळीच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या बुरुल आजीला रांगेत पुढे असलेल्या सासूसुनेचं बोलणं ऐकू येत होतं. पोर सुनेच्या कडेवर होतं.

“एने,” सुनेनं सासूला हाक मारली, “ही झोळी घेऊ? खांद्याला गादी आहे, बकल एका हातानं निघतं.”

“शालीत बांधून चार वाढवले मी. कुणाची पाठ मोडली?”

“तुमची. रोज मीच चोळते.”

“जीभ बघा हिची. पट्टा माझ्या मापाचा कर.”

“थोडा सैल ठेवते, मलाही बसेल.”

“तुला कशाला? आपल्या रीतीनं पहिलं नातवंड आजीचं. मला आई म्हणेल, तुला नावानं हाक मारेल.”

“ठाऊक आहे.”

“तुझा नवरा माझा पहिला मुलगा. सासूच्या पदरात घातला. अजून मला नावानंच हाक मारतो.”

“तेव्हा कसं वाटलं, एने?”

दुकानदारानं कात्री उचलून सासूला विचारलं, “मावशी, उरलेला पट्टा कापू?”

“असू दे रे. मी दमले की कोण घेणार पोराला, तू?”